ऑइलचं खरं तापमान: जुन्या एमएक्स-५ मध्ये ऑइल टेम्परेचर गेज बसवताना

जानेवारीतली सकाळ, बाहेर उणे पाच. श्टुटगार्टजवळच्या आमच्या गावातून गाडी बाहेर काढली, चार-पाच किलोमीटर झाले आणि पाण्याचा काटा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान दाखवणारा) नेहमीसारखा मधोमध येऊन बसला. गाडी तापली, आता दाबा, असं कुणीही म्हणेल. शेजारी नव्याने बसवलेल्या गेजचा काटा मात्र पन्नासच्या खुणेवरून अजून हललाही नव्हता. ऐंशी दिसायला त्या दिवशी सोळा किलोमीटर लागले.

त्याआधीची कित्येक वर्षं मी पाण्याच्या काट्यावर विसंबून पाचव्या किलोमीटरला इंजिन सहा हजार आरपीएमवर नेत होतो. आत घट्ट, थंड ऑइल, आणि मी निर्धास्त. म्हणून हा लेख लिहितोय. गेज बसवणं हे एका शनिवारचं काम आहे. पण त्यावर दिसणारा आकडा खरा असावा आणि जोडातून थेंबही गळू नये, यासाठी काही गोष्टी जपून कराव्या लागतात. त्या गोष्टींवरच इथे जास्त बोलणार आहे.

माझी गाडी १९९१ ची माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची, म्हणजे उघडमीट होणाऱ्या हेडलाइटवाली, १.६ लिटर इंजिनाची. ही गाडी १९८९ साली शिकागोच्या मोटर शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. भारतात ती कधी अधिकृतपणे विकली गेली नाही, पण युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी गाडीवेड्यांपैकी कुणाकडे ना कुणाकडे ती दिसतेच. तुमची गाडी दुसरी असली तरी फिल्टर बाहेरून फिरवून बसवायचा असेल, तर पद्धत जवळपास हीच राहील. जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

पाण्याचा काटा पुरेसा का नाही

पाण्याला थर्मोस्टॅट असतो. पाणी तापेपर्यंत तो रेडिएटरचा रस्ता बंद ठेवतो, तापलं की उघडतो, त्यामुळे पाणी एका पातळीवर टिकतं. शिवाय बऱ्याच गाड्यांमध्ये पाण्याचा काटाच मुद्दाम सुस्त केलेला असतो. तापमान दहा-पंधरा अंशांनी वरखाली झालं तरी तो मधला ठिय्या सोडत नाही, कारण हलणारा काटा पाहिला की गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिस सेंटर गाठतं. ऑइलवर असा पहारा नसतो. माझ्या १.६ ला वेगळा ऑइल कूलरही नाही. ऑइल हळू तापतं, जोरात चालवल्यावर पाण्याच्या कितीतरी पुढे जातं, आणि उतरतंही सावकाश.

आकड्यांचा अर्थ मी असा लावतो. ८० अंशांच्या खाली इंजिनाला त्रास द्यायचा नाही: तीन-साडेतीन हजारांच्या आत राहायचं आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही. ९० ते ११० ही रोजची निरोगी जागा. ऑइलमध्ये मिसळलेली वाफ आणि थोडंफार पेट्रोल या तापमानालाच उडून जातं, म्हणून सतत दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचं ऑइल लवकर खराब होतं. ट्रॅकवर १२० ते १३० दिसणं साहजिक आहे. १३५ च्या पुढे मी पाय उचलतो. चांगलं सिंथेटिक ऑइल त्याहून जास्तही सोसतं, पण तिथे ते पातळ होतं, बेअरिंगमधला थर झिरझिरीत होतो आणि ऑइल झपाट्याने जुनं व्हायला लागतं. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडा १०० अंशांना ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. त्या तापमानाला ३० च्या वर्गातलं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्सच्या (दाटपणाचं एकक) दरम्यान असावं लागतं आणि ४० च्या वर्गातलं १२.५ ते १६.३ च्या दरम्यान. म्हणजे १३० अंशांना तुमच्या इंजिनात जे फिरतंय ते डब्यावरच्या आकड्याहून बरंच पातळ असतं. ट्रॅकवर जाणारे लोक ३० ऐवजी ४० का घालतात, ते यावरून कळतं.

सेन्सर कुठे बसवायचा

सगळ्यात जास्त विचार इथे करा. गेज कितीही महागाचा असो, तो फक्त सेन्सरच्या टोकाला जे तापमान आहे तेच दाखवतो.

पहिली जागा म्हणजे चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा, ड्रेन बोल्ट. एमएक्स-५ मध्ये त्याचे आटे एम १४ × १.५ (१४ मि.मी. व्यास, दोन आट्यांत १.५ मि.मी. अंतर) आहेत, आणि त्याच आट्यांचे सेन्सर तयार मिळतात. जुना बोल्ट काढायचा, सेन्सर लावायचा, झालं. सगळ्यात सोपं आणि स्वस्त. अडचणी अशा की चेंबरच्या तळाशी वारा लागतो, त्यामुळे आकडा थोडा कमी दिसू शकतो. ही गाडी आधीच बुटकी, आणि तिच्या पोटाखाली लटकणारी वायर एखाद्या स्पीडब्रेकरवर तुटू शकते. आणि दर वेळी ऑइल बदलताना सेन्सर काढावा लागतो. रोज रस्त्यावरच चालणाऱ्या गाडीला ही जागा चालेल. पण गोव्यात किंवा कोकणात, लाल मातीच्या रस्त्यांवर आणि उंच स्पीडब्रेकरांवरून गाडी न्यायची असेल तर मी या जागेच्या वाटेला जाणार नाही.

दुसरी जागा इंजिनवर आधीच असलेला ऑइल प्रेशरचा सेन्सर. तो काढून तिथे टी-जोड लावतात आणि दोन्ही सेन्सर त्यावर बसवतात. प्रेशरसाठी हे ठीक आहे. तापमानासाठी नको. टी-जोडात ऑइल वाहत नाही, ते तिथे साचून राहतं. तुम्ही त्या पितळेच्या तुकड्याचं तापमान मोजत बसाल.

तिसरी जागा सँडविच प्लेट. ॲल्युमिनियमची ही चकती इंजिन ब्लॉक आणि ऑइल फिल्टर यांच्या मधे बसते. पंपाकडून येणारं सगळं ऑइल तिच्यातून फिल्टरमध्ये जातं, म्हणजे सेन्सरचं टोक वाहत्या ऑइलमध्ये बुडालेलं राहतं. मी हीच जागा निवडली, आणि पुढची कृती हिचीच आहे.

काय काय लागेल

सँडविच प्लेट घेताना दोन मापं तपासा. एक, मधल्या पोकळ बोल्टचे आटे. एमएक्स-५ ला एम २० × १.५ लागतात, बऱ्याच जपानी गाड्यांना हेच असतात. अनेक युरोपियन आणि अमेरिकन गाड्यांना ३/४ इंच - १६ असतात. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे एम २० चा फिल्टर ३/४ च्या बोल्टवर सैलसर फिरतो आणि बसल्यासारखा वाटतो. पहिल्याच प्रेशरला तो निसटेल. दोन, प्लेटवरची फिल्टर टेकायची गुळगुळीत जागा. फिल्टरचं रबर पूर्णपणे त्या कड्यावर बसलं पाहिजे; कडेला लोंबता कामा नये. नवा फिल्टर आणि प्लेट हातात घेऊन एकमेकांवर ठेवून बघा.

ऑइल कूलर बसवायचा नसेल तर थर्मोस्टॅटवाली प्लेट घेऊ नका. साधी, सेन्सरसाठी दोन-तीन भोकं असलेली पुरे. १.८ लिटरच्या काही गाड्यांमध्ये फिल्टरच्या मागे कंपनीचाच पाण्यावर चालणारा ऑइल कूलर असतो. तिथे जागा आणखी कमी असते, म्हणून प्लेट विकत घेण्याआधी खाली वाकून बघा.

सेन्सर आणि गेज एकाच कंपनीचे, एकमेकांसाठी बनवलेले घ्या. बहुतेक सेन्सर तापले की त्यांचा रोध कमी होतो. उदाहरणार्थ, व्हीडीओ (VDO) या कंपनीच्या १५० अंशांच्या सेन्सरचा रोध ५० अंशांना सव्वातीनशे ओहमच्या आसपास असतो आणि १५० ला २० च्याही खाली जातो. दुसऱ्या कंपनीच्या सेन्सरचा चढउतार वेगळा असतो. आटे जुळतात म्हणून कुठलाही सेन्सर लावला तर काटा हलेल, पण भलताच आकडा दाखवेल.

आता सेन्सरच्या आट्यांबद्दल, कारण इथे फार लोक फसतात. बाजारात तीन जवळपास सारखी मापं फिरतात: १/८ एनपीटी (अमेरिकन निमुळते आटे), १/८ बीएसपीटी (ब्रिटिश निमुळते) आणि एम १० × १ (मेट्रिक). पहिल्याला इंचात २७ आटे आणि कोन ६० अंशांचा, दुसऱ्याला २८ आटे आणि कोन ५५ चा. माझदाचा मूळ प्रेशर सेन्सर बीएसपीटी आहे. बाजारातल्या बऱ्याच प्लेटांची भोकं एनपीटी असतात. एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे आरामात जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावून जोर केला की ॲल्युमिनियमचे आटे मेलेच म्हणून समजा. लहानपणी आमच्या गल्लीतल्या गॅरेजमधले मिस्त्री म्हणायचे, "आधी बोटांनी, मग पान्याने." बोटांनी तीन-चार फेरे सहज जात नसेल तर माप चुकलंय.

बाकी सामान असं: नवा फिल्टर, नवं ऑइल (साडेतीन ते चार लिटर), ड्रेन बोल्टचं नवं वॉशर, द्रव थ्रेड सीलंट, ०.७५ चौ. मि.मी. ची तीन-चार रंगांची वायर, लग (वायरच्या टोकाला लावायचे धातूचे जोड) आणि ते दाबायचा क्रिम्पिंग पक्कड, उष्णता सोसणारी स्लीव्ह, केबल टाय, फ्यूज टॅप (फ्यूज बॉक्समधून वेगळी वीज घ्यायचा जोड) आणि २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज, मल्टीमीटर, टॉर्क पाना, जॅक आणि दोन भक्कम स्टँड, तसराळं आणि भरपूर चिंध्या.

गाडीला हात लावण्याआधी गॅसवर

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मी गाळू देणार नाही.

टेबलावर गेज ठेवा. गाडीच्या किंवा कुठल्याही १२ व्होल्टच्या बॅटरीवरून त्याला प्लस-मायनस द्या, मधे फ्यूज ठेवून. सेन्सरची वायर गेजला जोडा. सेन्सरला एकच वायर असेल तर त्याच्या धातूच्या अंगाला तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळून ती बॅटरीच्या मायनसला न्या, कारण गाडीत हे काम इंजिनचं लोखंड करतं. आता एका जुन्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवा (ते पातेलं पुन्हा स्वयंपाकात वापरू नका). बॅटरी गॅसपासून लांब, दुसऱ्या टेबलावर. सेन्सरचं टोक सांडशीने धरून पाण्यात सोडा. पातेल्याच्या तळाला टेकवू नका. तळ पाण्याहून जास्त तापलेला असतो. वरचा वायरचा भाग कोरडा राहू द्या.

पाणी खळखळ उकळत असताना दोन मिनिटं थांबा. काटा १०० वर स्थिर व्हायला हवा. समुद्रसपाटीहून दर तीनशे मीटरला उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. आमच्याकडे तो ९९ च्या आसपास येतो, पुण्यात ९८. दोन-तीन अंशांचा फरक मी सोडून देतो. मी आधी घेतलेला एक स्वस्तातला संच उकळत्या पाण्यात ८८ दाखवत होता. तो तसाच बसवला असता तर ट्रॅकवर १३० असताना मला ११८ दिसलं असतं आणि मी आणखी एक फेरी मारली असती. तो मी परत केला.

उकळत्या पाण्यातून काढल्यावर काटा किती वेगाने उतरतो तेही पाहून ठेवा. पुढे गाडीत काटा अडकल्यासारखा वाटला तर दोष काट्याचा की ऑइलचा, हे ओळखायला उपयोगी पडतं.

खालचं काम

जर्मनीत जमिनीत ऑइल झिरपेल असं काम रस्त्यावर किंवा मातीच्या अंगणात करता येत नाही. मी तासावर भाड्याने लिफ्ट देणाऱ्या मीटवेर्कश्टाटमध्ये जातो. अशा जागा जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात आहेत, आणि तीन तासांची लिफ्ट घेतली तर हे काम निवांत होतं. घरीच करणार असाल तर सपाट, सिमेंटची जागा हवी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड लावा, आणि गाडी हाताने हलवून बघून मगच खाली शिरा.

पाच-दहा मिनिटं इंजिन चालवून ऑइल कोमट करा, जळजळीत नाही. मग बॅटरीचा मायनस काढा. या गाडीत बॅटरी डिकीत, उजव्या कोपऱ्यात आहे. एअरबॅग असलेली गाडी असेल तर मायनस काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि डॅशबोर्डमागच्या पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नका.

चेंबरमधून ऑइल काढा. फिल्टर इंजिनच्या उजव्या अंगाला, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली दडलेला आहे. वरून हात घालणं म्हणजे कोपर सोलून घेणं. पुढचं उजवं चाक काढलं की चाकाच्या पोकळीतून हात बराच सरळ जातो. फिल्टर जवळजवळ आडवा असल्याने सैल करताच ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, म्हणून खाली तसराळं आणि भोवती चिंध्या आधीच लावा.

फिल्टर निघाला की लगेच त्याचं तोंड उलटं करून पाहा: रबराची रिंग त्याच्यावर आहे का? पहिल्यांदा मी हे पाहिलं नव्हतं. जुनी रिंग ब्लॉकलाच चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावर प्लेटची नवी रिंग दाबून बसवली. इंजिन चालू केल्यावर पंधरा सेकंदांत लिफ्टखाली दोन हात रुंद काळं थारोळं झालं. मी लगेच चावी बंद केली म्हणून इंजिन वाचलं, पण नवं ऑइल सगळं गेलं आणि लादी पुसण्यात तास गेला. आता मी टॉर्च लावून ब्लॉकचं तोंड बघतो, मग स्वच्छ फडक्याने पुसतो, मग बोट फिरवून बघतो. तिन्ही.

प्लेटच्या खाचेतली रिंग नवी आणि नीट बसलेली आहे ना ते पाहा, तिला नव्या ऑइलचं बोट लावा. सेन्सर प्लेटमध्ये आधीच, बाहेर टेबलावर बसवून घ्या. गाडीखाली तिथे पाना फिरवायला जागा नाही. आट्यांवर द्रव सीलंटचा पातळ थर द्या, पहिले एक-दोन आटे कोरडे सोडून, म्हणजे सीलंटचा कण ऑइलमध्ये जाणार नाही. पांढरी प्लंबरची टेप मी इथे वापरत नाही. एक वायरचा सेन्सर आपल्या अंगातूनच अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची जोडणी) घेतो, आणि टेपचे चार वेढे मधे आले की अर्थ कच्चा होतो. शिवाय टेपचा तुटलेला धागा ऑइलच्या बारीक वाटेत जाऊन बसला तर काय होईल, याचा विचार करा. सेन्सर बोटांनी पूर्ण बसवल्यावर पान्याने दीड-दोन फेरे पुरे. हे निमुळते आटे आहेत, जितकं पिळाल तितकी प्लेट फाटायला येते. न लागणाऱ्या भोकांना बूच लावायला विसरू नका.

प्लेट ब्लॉकवर टेकवून हाताने फिरवत जागा शोधा. सेन्सरची वायर खाली-मागे निघावी, मॅनिफोल्डच्या आधाराच्या पट्टीला किंवा मूळ प्रेशर सेन्सरला घासता कामा नये. जागा ठरली की मधला पोकळ बोल्ट प्लेटसोबत आलेल्या कागदावरच्या टॉर्कने आवळा. आवळताना प्लेट सोबत फिरू पाहते. दुसऱ्या हाताने ती धरून ठेवा. मग नवा फिल्टर, रबराला ऑइल लावून, हातानेच: टेकल्यावर पाऊण फेरा. प्लेटमुळे फिल्टर अडीच-तीन सेंटीमीटर पुढे येतो, त्यामुळे पुढे काही टेकत नाही ना ते पाहा. टेकत असेल तर त्याच आट्यांचा आखूड फिल्टर घ्या.

काढलेलं ऑइल नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरा. ज्या दुकानातून ऑइल घेतलं त्याने तेवढंच जुनं ऑइल परत घेणं जर्मनीत कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून पावती जपा. भारतात असाल तर जवळच्या गॅरेजच्या पिंपात द्या. गटारात नाही, झाडाच्या बुंध्याशी तर नाहीच.

वायर आत नेणं

वायर सेन्सरपासून आधीच्या जुडग्याच्या कडेकडेने फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याकडे) न्या. या गाडीत एक्झॉस्ट डाव्या अंगाला आहे, हे आपलं नशीब. उजवीकडून नेलेली वायर त्या उष्णतेपासून लांब राहते. इंजिनच्या मागच्या टोकाला स्पार्क प्लगची कॉइल आहे. तिच्यापासून आणि प्लगच्या जाड वायरींपासून चार बोटं अंतर ठेवा, नाहीतर काटा थरथरतो. सगळ्या वायरवर स्लीव्ह, आणि दर वीतभर अंतरावर टाय. इंजिन झटका घेतं तेव्हा हलतं, म्हणून सेन्सरजवळ वायरला थोडा ढिला वळसा ठेवा.

फायरवॉलला नवं भोक पाडू नका. जिथून मूळ जुडगा आत जातो तिथलं रबरी ग्रोमेट शोधा, त्याच्या कडेला सुईने टोचून वाट करा आणि कडक तारेला वायर बांधून आत ओढा. नंतर त्या जागी थोडं सिलिकॉन लावा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी येणार नाही.

आत गेजला चार गोष्टी लागतात: चावी फिरवल्यावर येणारे १२ व्होल्ट, अर्थ, सेन्सर, आणि रात्रीच्या दिव्यासाठी पार्किंग लाइटबरोबर येणारे १२ व्होल्ट. तीस वर्षांच्या गाडीत वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. मधे कुणी रेडिओ बदललाय, कुणी अलार्म लावलाय. या मोजमापापुरता बॅटरीचा मायनस परत लावा, मल्टीमीटरची काळी सुई उघड्या धातूला आणि लाल सुई एकेका वायरला लावून पाहा: चावी बंद तर शून्य, चावी चालू तर बारा. सापडलं की मायनस पुन्हा काढून मगच जोडणी करा. वीज फ्यूज टॅपने, वेगळ्या छोट्या फ्यूजमधून घ्या. जोड पिळून टेप गुंडाळण्याची सवय आपल्याकडे फार आहे. उन्हात टेपचा गोंद सुटतो आणि वर्षभरात वायर उघडी पडते. लग दाबा, वर श्रिंक स्लीव्ह चढवा.

अर्थ डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधल्या एखाद्या स्क्रूला देऊ नका. गाडीच्या पत्र्याला घट्ट बसलेल्या बोल्टखाली, रंग खरवडून द्या. हेडलाइट लावल्यावर ऑइल अचानक सहा अंशांनी तापलेलं दिसलं, तर दोष कच्च्या अर्थचाच असतो.

गेजची जागा

पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ ला डॅशबोर्डवर गोल, डोळ्यासारखे हवेचे झरोके आहेत, आणि नेहमीचा ५२ मिलिमीटरचा गेज त्या गोलात फार सुबक बसतो. त्यासाठी तयार रिंगा मिळतात. मी मधल्या दोनपैकी चालकाकडचा झरोका दिला. एका झरोक्याची हवा जाते, पण छत उघडून फिरणाऱ्याला त्याचं दुःख नसतं. जुनं प्लास्टिक थंडीत काचेसारखं तडकतं. हे काम उबदार दिवशी करा किंवा हेअर ड्रायरने आधी ऊब द्या.

जुन्या रेसच्या गाड्यांची एक पद्धत मला फार आवडते. गेज असा फिरवून बसवायचा की काटा नेहमीच्या जागी असताना सरळ वर उभा दिसेल. आकडे तिरके होतात, पण वाचायचीच गरज पडत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून उभा काटा दिसला की सगळं ठीक. मी १०० ची खूण वर ठेवली आहे.

पहिली सुरुवात

ड्रेन बोल्ट नव्या वॉशरसह लागला आहे ना, ते बघूनच ऑइल भरा. बॅटरी जोडा. कॉइलचा कनेक्टर आणि इंजेक्शनचा फ्यूज काढून पाच-सहा सेकंद स्टार्टर फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. रिकामा फिल्टर आणि प्लेट ऑइलने भरतात. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांना खरा प्रेशर गेज आहे, त्याचा काटा उचललेला दिसेल. मग कनेक्टर आणि फ्यूज परत लावा, इंजिन चालू करा आणि लगेच खाली टॉर्च मारा. कुणीतरी चावीपाशी बसलेलं असलं तर उत्तम. दहा मिनिटं आयडल, मग बंद, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक, आणि कमी पडलं तितकं ऑइल.

काटा तळाशीच मेला असेल तर सेन्सरची वायर तुटलीय किंवा लग सुटलाय. चावी फिरवताच काटा पार टोकाला गेला तर वायर कुठेतरी सोलून पत्र्याला लागलीय. चालताना उड्या मारत असेल तर आधी अर्थ बघा, मग कॉइलजवळची वाट.

त्या रात्री फिल्टरखाली जमिनीवर पांढरा कागद पसरून ठेवा. सकाळी कोरडा असला तर शंभर किलोमीटर चालवा, इंजिन गार झाल्यावर पुन्हा टॉर्च लावून प्लेटची कड बोटाने पुसून बघा. फिल्टर हाताने थोडा फिरला तर घट्ट करा. सेन्सरला मात्र पुन्हा पाना लावू नका. तिथून पाझरत असेल तर काढून, पुसून, नवं सीलंट लावा.

नूर्बुर्गरिंगवर

ऑगस्टमध्ये गाडी आयफलच्या डोंगरात नेली. तिथल्या नूर्बुर्गरिंगच्या जुन्या, डोंगरातल्या ट्रॅकची, नॉर्डश्लायफेची, एक फेरी २०.८ किलोमीटरची. पाण्याचा काटा सकाळपासून संध्याकाळपर्यंत मधोमध, एक केसभर हलला नाही. ऑइल मात्र सुरुवातीला ९२ होतं. ट्रॅकवरच्या केसेलखेनचा लांबलचक चढ तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून चढला की दर वेळी काटा उठायचा. चढ संपेपर्यंत ११५. पुढच्या वळणांमध्ये तो तिथेच रेंगाळायचा, आणि डॉटिंगर ह्योहे या लांब सरळ पट्ट्यावर १२४. लागोपाठ दुसरी फेरी मारली तर १३१. तिथे मी उजवीकडे सरकून, इंडिकेटर देऊन मागच्यांना वाट करून दिली आणि चौथ्या गिअरमध्ये अर्ध्या दाबावर उरलेलं अंतर काढलं.

पर्यटक फेऱ्यांच्या दिवशी, म्हणजे कुणीही आपली गाडी ट्रॅकवर नेऊ शकतो त्या दिवशी, फेरी संपली की गाड्या थेट पार्किंगमध्ये वळतात आणि लोक तिथेच चावी बंद करतात. मी आता बाहेर पडून शेजारच्या बी-२५८ या रस्त्यावर दहा मिनिटं सावकाश फिरून येतो. १३१ चं १०० व्हायला त्या दिवशी जवळपास नऊ मिनिटं लागली. मग पार्किंग, चावी बंद, बॉनेट उघडं, आणि प्लेटच्या कडेवर पुन्हा एकदा टॉर्च.